पुंगळी मोजून परत करा!

‘‘एक खोका कमी आहे. कुणीही जागचं हलायचं नाही!’’

एनसीसीच्या कॅम्पमधला फायरिंगचा दिवस. नंबर कधी येतो म्हणून आम्ही सकाळपासून उन्हात रांगेत बसलेलो. नंबर आला, लेटलो, पाच गोळ्या मारल्या, उठलो. सगळा खेळ पाच मिनिटांत खल्लास. त्यानंतर मात्र पाऊण तास आमची अख्खी डिटेल गवतात गुडघ्यावर रांगत होती. कारण मारलेल्या गोळ्या आणि गोळा झालेले खोके यांचा हिशेब एका आकड्याने चुकत होता. (राजकारणातला खोका वेगळा, हा वेगळा!) शेवटी तो सापडला माझ्याच दुमडलेल्या बाहीच्या घडीत. डावीकडच्या मित्राच्या रायफलीतून उडून तो थेट माझ्याकडे पाहुणा म्हणून आला होता.

नखाएवढा पितळेचा तुकडा. रिकामा. त्यात ना गोळी, ना दारू. त्याच्यासाठी एवढा तमाशा? तेव्हा मनातल्या मनात भरपूर चिडलो. पुढे सांगलीत मेकॅनिकल शिकताना आणि कुपवाड एमआयडीसीत ट्रेनिंग करताना हा तुकडा पुन्हा पुन्हा आडवा येत गेला. कधी पुस्तकात, कधी प्रेस शॉपमध्ये, कधी टीव्हीवर ऑलिम्पिक बघताना. मराठी बातम्यांत त्याला ‘पुंगळी’ म्हणतात. आजची गोष्ट त्या पुंगळीची.

एका गोळीत चार वस्तू

आपण सहज ‘गोळी’ म्हणतो ते खरं तर काडतूस. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या ‘कार्तुश’वरून आला. एका काडतुसात चार वस्तू असतात. पुढे टोकाला बसवलेली शिशाची, किंवा तांब्याचं कवच चढवलेली, खरी गोळी. आत दारू. मागे प्रायमर, म्हणजे ठोका बसताच ठिणगी देणारा अतिशय थोडा स्फोटक मसाला. आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पितळेची पुंगळी.

पुंगळी म्हणजे नुसती डबी नव्हे. गोळी सुटते त्या क्षणी .३०८ सारख्या मोठ्या रायफलीत आतला दाब साठ हजार पीएसआयच्या घरात जातो. आपल्या बाइकच्या टायरमध्ये तो तीसच्या आसपास असतो, म्हणजे टायरच्या दोन हजार पट! त्या दाबाने पुंगळी फुगते, रायफलीच्या चेंबरला घट्ट चिकटते आणि गरम वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे, येऊ देत नाही. क्षणभराने ती पुन्हा थोडी आक्रसते, म्हणून तर बोल्ट ओढला की सुटून बाहेर पडते. फुगायचं पण फाटायचं नाही आणि लगेच मागे यायचं, हे काम करायला सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताचं पितळ सगळ्यात सोयीचं. मटेरियल सायन्सच्या पेपरसाठी आपण रट्टा मारतो ते ‘कार्ट्रिज ब्रास’ हेच. मी ते नाव दोन सेमिस्टर पाठ केलं होतं. पण ते माझ्या बाहीत सापडलेल्या खोक्याचंच नाव आहे, हे डोक्यात यायला बराच उशीर झाला.

त्याच पुस्तकात ‘सीझन क्रॅकिंग’ नावाचा एक धडा असतो. त्याची सुरुवात आपल्याच देशातली. ब्रिटिश फौजेच्या भारतातल्या साठ्यातली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. न मारता, नुसती ठेवलेली! काडतुसं ठेवलेली असायची घोड्यांच्या पागेत. घोड्यांच्या मुतातून हवेत अमोनिया, वर पावसाळ्याची ओल आणि पितळाला आकार देताना त्याच्या अंगात कोंडून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ चिरायचं. १९२१ मध्ये याचं शास्त्रीय कारण नीट मांडलं गेलं. उपाय साधा होता. आकार दिल्यावर पितळ बेताने गरम करायचं, म्हणजे आतला ताण निघून जातो.

अशी काडतुसं आपल्या राज्यातही बनतात. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात सैन्याच्या रायफलींची काडतुसं तयार होतात. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातून फौजेत गेलेल्या कितीतरी जणांच्या हातातून ही पुंगळी गेली असेल.

मग ती पुन्हा भरता येते का?

हा प्रश्न मला पडला तसा तुम्हालाही पडला असेल. पितळ काही स्वस्त नाही. कासाराकडे भांडी मोडीत देणारी आपली माणसं, पुंगळी फेकून कशी देणार?

उत्तर पुंगळीच्या बुडाशी आहे. एनसीसीत आपण मारतो ती .२२, म्हणजे ‘पॉइंट टू-टू’. १८८७ मध्ये आलेलं हे .२२ लाँग रायफल काडतूस आजही जगभर चालतं, ऑलिम्पिकमध्येही. त्यात प्रायमर वेगळा नसतोच. तो मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, आतल्या बाजूला, गोल फिरवून बसवलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते आणि ठिणगी पडते. म्हणून याला रिमफायर म्हणतात. एकदा चेपलेली कड पुन्हा सरळ करून त्यात मसाला भरणं व्यवहारात शक्य नाही. कॅम्पमधली खोकी खाली करून बघितलीत तर प्रत्येकाच्या कडेला तो एक छोटा खड्डा दिसेल. तीच त्याची शेवटची सही. .२२ ची पुंगळी एकदाच जगते.

मोठ्या रायफलींचं तसं नाही. त्यांच्या बुडाच्या मधोमध एक खळगा असतो आणि त्यात प्रायमरची वेगळी टोपी बसवलेली असते. हे सेंटरफायर. वापरलेली टोपी काढून टाकता येते, नवी बसवता येते. म्हणजे पुंगळी पुन्हा कामाला लागते. अमेरिकेसारख्या देशात हा चक्क घरगुती छंद आहे. गॅरेजमधल्या टेबलाला बोल्टने आवळलेलं एक यंत्र, त्याला एक लांब दांडा. नाव प्रोग्रेसिव्ह रिलोडिंग प्रेस. डिलन, हॉर्नडी या तिथल्या नावाजलेल्या कंपन्या.

कुपवाडचे सेटर काका

‘प्रोग्रेसिव्ह’ हा शब्द ऐकून मी थांबलो, कारण तो मी कुपवाडला रोज ऐकत होतो. प्रेस शॉपमध्ये प्रोग्रेसिव्ह टूल असतं. पत्र्याची पट्टी एका बाजूने आत सरकते. पहिल्या ठिकाणी भोक पडतं, दुसऱ्या ठिकाणी वाकते, तिसऱ्या ठिकाणी कापली जाते. प्रेसचा दर ठोका सगळ्या ठिकाणी एकदमच पडतो, म्हणून प्रत्येक ठोक्याला शेवटी एक तयार नग बाहेर पडतो.

काडतुसाच्या प्रेसचं तत्त्व हेच. खाली एक गोल फिरती प्लेट, तिच्यात चार-पाच पुंगळ्या उभ्या. वर प्रत्येक पुंगळीसमोर एक वेगळी डाय. दांडा ओढला की पहिल्या ठिकाणी जुनी टोपी बाहेर पडते आणि फुगलेली पुंगळी दाबून मूळ मापाला येते. मग नवी टोपी बसते. पुढच्या ठिकाणी मोजून दारू पडते. त्यापुढे गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत बसते. प्लेट एक घर पुढे सरकते, पुन्हा दांडा. एकदा गाडी चालू झाली की प्रत्येक ओढीला एक काडतूस.

ऐकायला झकास वाटतं. पण खरा वेळ जातो तो सेटिंगला. यंत्र जोडलं, सगळ्या पुंगळ्या भरल्या आणि सुटलो, असं कुणी जाणता माणूस करत नाही. आधी एकच पुंगळी घेतात. ती एकाच ठिकाणी नेतात, बाहेर काढतात, व्हर्नियरने मोजतात, डाय पाव आटा फिरवतात, पुन्हा मोजतात. ते माप पक्कं झाल्यावर डायचं नट आवळायचं आणि मगच पुढचं ठिकाण. रायफलीच्या पुंगळीला बाटलीसारखी मान असते, त्यामुळे कटकट जास्त. दाबताना वंगण नसेल तर ती डायमध्ये अडकून बसते. जास्त वंगण झालं तर अंगावर पोचे पडतात. शिवाय दर वापराला ती किंचित लांब होत जाते, म्हणून लांबी मोजून तोंड कापावं लागतं.

दारूचं माप तर सोनाराच्या काट्यासारखं. ते मोजतात ग्रेनमध्ये. विटा-खानापूरकडच्या गलाईवाल्यांच्या घरातल्या मुलांना हे पटकन कळेल. जुना एक तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. गुंजेला साधारण दोन ग्रेन. आणि या छंदातला काटा दाखवतो ग्रेनचा दहावा भाग! यंत्र चालू असतानाही मधूनमधून एक पुंगळी काढून तिच्यातली दारू पुन्हा काट्यावर टाकून बघतात. कारण इथली चूक म्हणजे नुसता रिजेक्ट नग नव्हे. दारू पडलीच नाही, तर गोळी नळीतच अडकू शकते आणि तिच्यामागून दुसरी मारली तर नळी फुटते. दारू दोनदा पडली, तर तो साठ हजारांचा दाब कुठल्या कुठे जातो आणि रायफल हातात फुटते. समोर असतो तो नेम धरणाऱ्याचा चेहरा. म्हणून हे काम करताना मोबाइल बाजूला, टीव्ही बंद आणि गप्पा बंद, असा तिकडचा दंडक आहे.

हे सगळं वाचलं तेव्हा मला आमचे सेटर काका आठवले. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात मी घाईघाईत स्टॉपर नीट न आवळता प्रेस चालू केली होती. ट्रेभर नग पडले, सगळे अर्ध्या मिलिमीटरने बाद. मी म्हटलं, ‘‘काका, मशीन चुकतंय.’’ काकांनी एक नग उचलला, गेजमध्ये घालून बघितला आणि शांतपणे म्हणाले, ‘‘येड्या, मशीन चुकत नसतंय. आपुन चुकतोय. मशीन तीच चूक हजारदा करून दावतंय, एवढंच.’’ त्या दिवसानंतर पहिला नग ओके झाल्याशिवाय दुसऱ्या नगाला हात लावायचा नाही, हे डोक्यात पक्कं बसलं.

इथे मात्र थांबायचं!

आता महत्त्वाचं. यूट्यूबवर हे यंत्र बघून ‘आपणही करूया की’ असं कुणाच्या डोक्यात येत असेल, तर तो विचार तिथेच सोडा. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र किंवा काडतूस बनवता येत नाही. आणि ‘अ‍ॅम्युनिशन’ या शब्दाच्या कायद्यातल्या व्याख्येत नुसतं तयार काडतूस नाही. त्याचे भागही येतात आणि ते बनवायची यंत्रंही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाचा भंग करून शस्त्र किंवा काडतूस बनवण्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. गंमत म्हणून केलं, असं म्हणून सुटका होत नाही.

तेव्हा कॅम्पमधल्या त्या पाऊण तासाचा अर्थ लागला. मारलेल्या प्रत्येक गोळीमागे एक पुंगळी परत आली, तरच ती गोळी खरोखर मारली गेली असं कागदावर सिद्ध होतं. एक खोका कमी, याचा अर्थ कदाचित एक जिवंत काडतूस कुणाच्या तरी खिशात. आठवण म्हणून कीचेनला अडकवायला खोका ढापणारे हिरो प्रत्येक बॅचला असतात. ते मोजणाऱ्या हवालदाराची झोप उडवत असतात, हे त्यांच्या गावीही नसतं.

शूटर काय करतात?

मग ज्यांचं करिअरच नेमबाजी आहे, ते काय करतात? त्यांना .२२ पुन्हा भरता येत नाही. म्हणजे अमेरिकेतला असो की आपला, ऑलिम्पिकचा रायफल शूटर स्वतःचं काडतूस स्वतः बनवूच शकत नाही. त्याला लागतो सारखेपणा, तो विकतच घ्यावा लागतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांतही प्रत्येक लॉट थोडा वेगळा निघतो. म्हणून मोठे शूटर रायफल शिकंजात घट्ट धरून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या मारून बघतात. ज्या लॉटचा ग्रुप सगळ्यात लहान पडतो, तोच लॉट उचलतात. रायफलीगणिक लॉट बदलतो. एकाला लागू पडलेला लॉट दुसऱ्याला चालेलच असं नाही.

हा सारखेपणा किती बारीक हवा? ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. शर्टाच्या बटणाएवढं! १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळे हेच बटण टिपत होता. सांगलीच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. गुडघ्यावर, लेटून आणि उभं राहून, अशा तिन्ही पोझिशनच्या स्पर्धेत त्याने ४५१.४ गुणांनी ब्राँझ जिंकलं. फायनलमध्ये तिसऱ्या नंबरच्या खेळाडूच्या ४४ गोळ्या होतात. भागाकार करून बघा, प्रत्येक गोळीला सरासरी दहाच्या वर. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सोनं आणलं होतं.

महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक याआधी मिळालं होतं १९५२ मध्ये, हेलसिंकीला. ते आणलं होतं साताऱ्याच्या मातीतल्या, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी. मध्ये ७२ वर्षं गेली. खाशाबांच्या कुस्तीला माती पुरत होती. नेमबाजीत मात्र सरावाची प्रत्येक गोळी विकत घ्यावी लागते आणि ती एकदाच वापरता येते. पेठेतल्या किराणा दुकानदाराच्या किंवा उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरीने रायफल शूटिंग करायचं म्हटलं, की घरातला पहिला प्रश्न तोच असतो, ‘गोळ्यांचं काय?’

म्हणून बहुतेकांची सुरुवात १० मीटर एअर रायफलने होते. त्यात दारूही नाही, प्रायमरही नाही, फक्त शिशाचा छोटा छर्रा आणि दाबलेली हवा. आणि महागड्या गोळ्या न उडवताही सराव होतो. रिकाम्या रायफलीने नेम धरायचा, श्वास सोडायचा, ट्रिगर दाबायचा आणि त्या क्षणी नेम हलला का ते बघायचं. याला ड्राय फायरिंग म्हणतात. जगातले मोठे शूटरही सरावाचा मोठा भाग असाच, एकही गोळी न उडवता करतात. (अर्थात आपल्या कोचच्या नजरेखाली. आणि रायफल खरंच रिकामी आहे ना, हे दोनदा बघून!)

साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला, अवघ्या सतराव्या वर्षी, कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेतेपद मिळवलं. तिच्या खेळात एक मोठी सोय आहे. बाण लक्ष्यातून उपटून परत मारता येतो. पण तिरंदाजही सगळे बाण एका वजनाचे, एका लांबीचे, एका ताठपणाचे निवडून जुळवून घेतो. शूटरचा लॉट, तिरंदाजाचा बाण, सेटरचा पहिला नग. नाव वेगळं, काम तेच. नेम लागायच्या कितीतरी आधी कुणीतरी शांतपणे बसून सगळं सारखं केलेलं असतं.

ग्रुप आणि जागा

कॅम्पमधल्या त्या दिवशीचं माझं टार्गेट आणून दाखवलं, तेव्हा मी ओशाळलो होतो. पाचही गोळ्या खाली डाव्या कोपऱ्यात. मधल्या काळ्या गोलाला एकही शिवलेली नाही. शेजारच्या मित्राची एक बरोबर मध्यात, बाकीच्या चार चारी दिशांना. तो खूश होता. उस्तादांनी दोन्ही कागद हातात धरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘तेरा ग्रुप अच्छा है, जगह गलत है. जगह तो मैं साइट घुमाके ठीक कर दूंगा.’’ मग मित्राकडे वळले, ‘‘तेरा क्या ठीक करूं?’’

तेव्हा वाटलं, मला बरं वाटावं म्हणून बोलले. आता कळतं, ते सेटर काकांचंच वाक्य दुसऱ्या बाजूने सांगत होते. चूक दर वेळी एकसारखी होत असेल, तर ती सापडते आणि एक आटा फिरवून सुधारता येते. दर वेळी नवी चूक होत असेल, तर आटा फिरवायचा कुठल्या बाजूला?

पुढच्या कॅम्पला जाल तेव्हा स्कोअर बघण्याआधी तुमचा ग्रुप बघा. आणि उठताना बाहीची घडी झटकायला विसरू नका. पाऊण तास वाचेल सगळ्यांचा.